गूढ: कुठे लिहावं, कुठे लिहू नये

नाशिक जिल्ह्यात कळवण-सुरगाण्याकडे रात्री जमिनीतून धडधड ऐकू आली की सकाळी मथळा ठरलेला असतो: ‘गूढ आवाजाने गावकरी भयभीत’. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून आलेला माणूस फोटोखाली लिहितो, ‘गूढ लेणी’. पोलिसांच्या बातमीत मृत्यू गूढ, राजकारणात मौन गूढ, आणि चहाच्या टपरीवर एखादा न बोलणारा गिऱ्हाईक ‘जरा गूढच’. एवढ्या सगळ्यांना एकच शब्द पुरत असेल तर त्याचा अर्थ बराच झिजला आहे. मुळात मात्र हा शब्द फार काटेकोर आहे.

‘गूढ’ संस्कृतातून जसाच्या तसा आला. धातू ‘गुह्’, म्हणजे झाकणे, दडवणे. गुहा, गुह्य आणि गूढ ही त्याच घरातली भावंडं. गुहा म्हणजे झाकलेली जागा, गुह्य म्हणजे झाकून ठेवण्याजोगं, आणि गूढ म्हणजे झाकलेलं. व्याकरणाच्या भाषेत ते भूतकाळवाचक धातुसाधित विशेषण आहे. केलेलं, पाहिलेलं, ठेवलेलं, तसंच हे ‘झाकलेलं’. विस्मय, भीती, धुकं, वटवाघळं यांतलं काहीही मूळ अर्थात नाही. ते सगळं नंतर चिकटलं.

जुने वापर पाहिले की हे चटकन पटतं. अमरकोशात सापाच्या नावांमध्ये एक नाव ‘गूढपाद्’ असं आहे, म्हणजे ज्याचे पाय झाकलेले आहेत तो. साप चालतो हे दिसतं, पाय दिसत नाहीत. तेव्हा पाय असणार, पण झाकलेले. (प्राणिशास्त्राला हे मान्य नाही, शब्दाला चालतं.) कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांना ‘गूढपुरुष’ म्हटलं आहे आणि त्यांची निवड कशी करावी यावर स्वतंत्र प्रकरण आहे. कोणी व्यापाऱ्याच्या वेशात, कोणी तापसाच्या. तापस गावात सगळ्यांना दिसतो, लोक त्याच्या पाया पडतात. झाकलेलं असतं ते त्याचं काम. कठोपनिषदात आत्म्याला सर्व भूतांमध्ये ‘गूढ’ म्हटलं आहे आणि लगेच पुढे सांगितलं आहे की सूक्ष्म बुद्धीला तो दिसतो. म्हणजे तिथेही गूढ म्हणजे कधीच न कळणारं नव्हे.

या तिन्ही उदाहरणांत दोन गोष्टी एकत्र आहेत. काहीतरी झाकलेलं आहे, आणि झाकलेलं आहे याचा सुगावा लागतो. सापाची हालचाल दिसते. पुरेसा वेळ नजर ठेवली तर तापसाच्या वागण्यात काहीतरी खटकतं. नुसतं झाकण पुरत नाही, सुगावाही हवा. आमच्या मते आजच्या मराठीतही ‘गूढ’ लिहावा की नाही हे ठरवायला हीच कसोटी सगळ्यात उपयोगी आहे: काहीतरी दडलंय हे कळतंय, पण काय ते कळत नाहीये. दोन्ही बाजू भरल्या तर लिहा. एकच भरली तर दुसरा शब्द शोधा. मराठीत असे शब्द पुष्कळ आहेत.

जुन्या नाशकातला एखादा वाडा डोळ्यांपुढे आणा. जाडजूड भिंतींमध्ये धान्य साठवायला बळद ठेवलेलं असायचं. समजा असं एक बळद पुढून चिणून बंद केलेलं आहे. घरमालक आजोबांना आत काय आहे ते पक्कं ठाऊक आहे आणि त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. तोवर ते बळद ‘गुप्त’. गुप्त हा ‘गुप्’ धातूचा, म्हणजे राखणे, सांभाळणे. गोपनीय, गुपित हे त्यातून आले. गुप्त म्हटलं की राखणारा कोणीतरी असतोच आणि त्याला माहिती असते. म्हणून मतदान गुप्त असतं, गूढ नसतं. धन गुप्त असतं. देणगीदार नाव गुप्त ठेवायला सांगतो. प्रयागच्या संगमातल्या सरस्वतीलाही आपण गुप्त म्हणतो, कारण श्रद्धा अशी की ती तिथे आहेच, डोळ्यांआड आहे इतकंच. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी मध्येच लुप्त होऊन खाली पुन्हा प्रकटते असं परंपरा सांगते. तिथेही शब्द आहेत लुप्त आणि प्रकट. ‘गूढ गोदावरी’ कोणी म्हणत नाही, आणि म्हणू नये.

पुढे आजोबा गेले. नातवंडांना बळदाचा पत्ताच नाही, भिंतीवर कॅलेंडर लटकतंय. आता ते ‘अज्ञात’. अज्ञात म्हणजे माहीत नसलेलं, बस. त्यात सुगावा नाही, ओढ नाही, भीती नाही. एफआयआरमधल्या ‘अज्ञात इसमा’ला म्हणूनच गूढ इसम करता येत नाही.

मग कधीतरी वाडा मोजायची वेळ येते. बाहेरून लांबी भरते सोळा हात. दोन्ही टोकांच्या भिंतींचे दोन-दोन हात वजा केले तर आत बारा हवेत. आत टेप लावला तर दहाच. दोन हात गेले कुठे? भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकलं तर एका जागी आवाज भरीव येतो, हातभर पुढे सरकलं की पोकळ. इथे, या क्षणी, ‘गूढ’ हा शब्द अगदी बरोबर बसतो. भिंत काहीतरी झाकते आहे हे मोजमापाने सिद्ध झालंय, काय ते कळलेलं नाही. ‘भिंतीतल्या त्या दोन हातांचं गूढ’ असं बेलाशक लिहावं.

भिंत फोडली आणि आत मोडीतला कागदांचा गठ्ठा निघाला, तर गूढ संपलं. घरात कोणाला मोडी येत नाही म्हणून कागद काही गूढ होत नाहीत. ते वाचता न येणारे आहेत, मोडी जाणणाऱ्याकडे नेले की वाचले जातील. वाचूनही अर्थ लागेना तर ‘दुर्बोध’. मुद्दामच सांकेतिक खुणांनी लिहिले असतील तर ‘कूट’; कूटलिपी, कूटप्रश्न यांतला कूट तो हाच, वाचणाऱ्याला अडवायला रचलेला. आणि गठ्ठ्यातलं नेमकं वाटणीपत्रच रातोरात गायब झालं, तर धाकट्या काकांकडे बघत सगळे म्हणतील, “काहीतरी गौडबंगाल आहे.” गौड म्हणजे बंगालचाच प्रांत, तिकडची जादू प्रसिद्ध, तिथून हा शब्द मराठीत लबाडीच्या कामाला लागला. गौडबंगाल म्हटलं की संशयित ठरलेला असतो, फक्त नाव घेतलेलं नसतं. ‘कुठंतरी पाणी मुरतंय’, ‘काहीतरी काळंबेरं आहे’ हे त्याचेच शेजारी. गूढात असा आरोप नसतो. नगरपालिकेच्या बिलात आकडे जुळत नाहीत तेव्हा ‘गूढ’ लिहिणं म्हणजे जरा जास्तच भीड बाळगणं.

उरलेले सोयरे भराभर पाहू. ‘गहन’ म्हणजे मुळात दाट, शिरायला कठीण, जसं अरण्य. म्हणून विषय गहन, प्रश्न गहन. आयकराचा नियम गहन किंवा नुसताच किचकट असू शकतो. कितीही डोकं खाल्लं तरी तो गूढ नसतो. ‘अगाध’ म्हणजे थांग न लागणारं. गाध म्हणजे नदीतली पायउताराची उथळ जागा, ती जिथे नाही ते अगाध. ‘अगम्य’ म्हणजे जिथे पोचता येत नाही, ‘अतर्क्य’ म्हणजे जिथे तर्क चालत नाही. ‘अनाकलनीय’ हा शब्द आजकाल ‘मला पटलं नाही’ या अर्थाने वापरतात (‘निवड समितीचा अनाकलनीय निर्णय’), तो वेगळाच खेळ. ‘रहस्य’ हा ‘रहस्’वरून आला, म्हणजे एकांत; एकांतात सांगायची गोष्ट ती रहस्य. म्हणून पाकातल्या पुऱ्यांचं रहस्य असतं, सांगितलं की संपलं. ‘गूढ रहस्य’ ही जोडी रोज छापून येते. दोन्ही जवळजवळ एकच सांगतात; एक काढला तर वाक्य हलकं होतं आणि काहीही बिघडत नाही.

आता पांडवलेण्याकडे. नाशिक शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात ही २४ बौद्ध लेणी आहेत. पांडवांचा संबंध फक्त नावापुरता. अंधार, खांब, भिंतीवर न कळणारी अक्षरं, यामुळे पाहणाऱ्याच्या मनात ‘गूढ’ येतं. पण ती अक्षरं ब्राह्मी आहेत आणि १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीची उकल केल्यापासून ती वाचता येतात. दहाव्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याच्या लेखात काय सापडतं? व्याजाचा हिशोब!

त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव. ती गोवर्धनातल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवली: २,००० एका विणकर श्रेणीकडे महिना शेकडा १ या दराने, १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. ताळा करून पाहा: २,००० वर महिना शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि २० गुणिले १२ म्हणजे २४०च. पैशाचाही फरक नाही. पतपेढीच्या ठेव पावतीइतका रोखठोक मजकूर आहे हा.

अशा जागेला गूढ म्हणणं म्हणजे ज्याने एवढं खोदून लिहून ठेवलं त्याच्यावर अन्यायच. भव्य म्हणा, गंभीर म्हणा, प्राचीन म्हणा. दुसऱ्या ठेवीच्या व्याजाचा खर्च सांगताना लेखात ‘कुशण’ असा शब्द येतो, त्याच्या अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्या एका शब्दाला दुर्बोध म्हणा. ‘गूढ’ जपून ठेवायचा असेल तर तो सिंधू लिपीसाठी ठेवावा. मुद्रांवर चिन्हं आहेत, ती पुन्हा पुन्हा ठरावीक क्रमाने येतात, म्हणजे काहीतरी अर्थ दडलाय याचा सुगावा आहे. काय अर्थ, ते अजून कोणालाही सर्वमान्य रीतीने सांगता आलेलं नाही. कसोटीच्या दोन्ही बाजू भरल्या.

‘गूढ आवाजा’ची गोष्ट मधली आहे. कळवण, सुरगाणा, पेठ या पट्ट्यात अधूनमधून भूकंपाचे बारीक धक्के बसतात. धक्का उथळ असेल तर त्याच्या पहिल्या, दाबाच्या लहरी जमिनीचा पृष्ठभाग स्पीकरच्या पडद्यासारखा हलवतात आणि कंपनं सेकंदाला २० पेक्षा जास्त असतील तर ती हवेतून कानाला धडधडीसारखी ऐकू येतात. कधी कधी हादरा इतका बारीक असतो की पायाला कळत नाही, कानाला मात्र कळतो. नाशिक शहर आणि निफाडकडे दुसरं कारण संभवतं: ओझरला विमानांचा कारखाना आहे, आणि लढाऊ विमानाने ध्वनीचा वेग, म्हणजे साधारण ताशी १,२३५ किलोमीटर, ओलांडला की जमिनीवर सॉनिक बूम ऐकू येतो. तो बहुधा लागोपाठ दोन ठोक्यांचा असतो, एक विमानाच्या नाकाकडचा, दुसरा शेपटाकडचा, तावदानं थरथरतात. तिसरं कारण विहिरीचा किंवा खाणीचा सुरुंग. नाशिकच्या ‘मेरी’त, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, भूकंपमापन केंद्र आहे, तिथल्या नोंदीवरून भूकंप होता की नाही ते लगेच कळू शकतं.

म्हणजे बातमीदाराने पहिल्या रात्री ‘गूढ’ लिहिलं तर चूक म्हणता येणार नाही. आवाज झाला, त्यामागे काहीतरी आहे, काय ते कळलेलं नाही. चूक होते ती तिसऱ्या दिवशी, नोंद हाती आल्यावरही मथळ्यात ‘गूढ आवाज’ तसाच राहतो तेव्हा. आणि पहिल्या रात्रीसुद्धा एक फोन करता आला असता. ‘आवाजाचं कारण अद्याप समजलेलं नाही’ हे वाक्य लांब आहे, पण त्याने कोणी घराबाहेर अंथरूण टाकत नाही. मृत्यूच्या बातमीत तर जास्तच जपावं. ‘गूढ मृत्यू’ म्हटलं की कोणीतरी काहीतरी झाकतंय असं वाचणारा धरून चालतो. शवविच्छेदनाचा अहवाल यायचा असेल तर ‘मृत्यूचं कारण अहवालानंतर कळेल’ एवढंच लिहावं.

लिहिण्याबद्दल. सर्रास दिसणारी चूक म्हणजे ‘गुढ’, पहिला गु ऱ्हस्व. ती का चूक आहे हे कळलं की पुन्हा होत नाही. ‘गुह्’ला ‘त’ लागला. ह चा ढ झाला. त्या ढ मुळे त आधी ध आणि मग ढ झाला. आता दोन ढ शेजारी आले: गुढ्‌ढ. त्यातला पहिला गळाला, आणि गळालेल्या अक्षराची भरपाई म्हणून मागचा उ दीर्घ झाला: गूढ. तो दीर्घ ऊ म्हणजे हरवलेल्या ढ ची पावती आहे. ‘रुह्’पासून रूढ आणि ‘मुह्’पासून मूढ याच वाटेने आले. तेव्हा रूढ बरोबर लिहिता येत असेल तर गूढही येतं. ‘गुढी’ मात्र ऱ्हस्वच, तिचा या कुटुंबाशी संबंध नाही. शेवटचं अक्षर दीर्घ असल्याने मराठीच्या नियमाने आधीचा उ ऱ्हस्व राहतो.

दुसरी चूक विभक्तीत. मूळ–मुळाचा, फूल–फुलाचा अशी सवय असल्याने हात आपोआप ‘गुढाचा’ लिहितो. पण मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे सामान्यरूपात ऱ्हस्व होणं तत्सम शब्दांना लागू नाही. शरीर–शरीराला, गीत–गीताला, तसंच गूढ–गूढाचं, गूढात. तिसरी चूक बोलण्यातून उतरते: शब्दाच्या शेवटचा ढ आपण अर्धवट उच्चारतो, मग लिहिताना ‘गूड’ होतं. ‘गूढाचं’ मोठ्याने म्हणून पाहा, ढ चा जोर लगेच ऐकू येतो.

विशेषण म्हणून हा शब्द बदलत नाही: गूढ माणूस, गूढ बाई, गूढ घर. नाम म्हणून तो नपुंसकलिंगी: ते गूढ, त्याचं गूढ. भाववाचक हवं असेल तर गूढता किंवा गूढपणा. ‘गूढत्व’ चालतं, पण जडशीळ वाटतं.

क्रियापद कोणतं लावायचं यातही मूळ अर्थ डोकावतो. गुपित फुटतं, बिंग फुटतं, रहस्य उघड होतं, कोडं सुटतं. गूढ मात्र उकलतं किंवा उलगडतं. येवल्याच्या दुकानात पैठणीची घडी समोर येते तेव्हा वर फक्त अंग आणि काठाची कड दिसते. पदरावरचा मोर आत असतो. आहे हे ठाऊक असतं, कसा आहे ते नाही. विक्रेता एक घडी उघडतो, दुसरी उघडतो, आणि मोर समोर येतो. उलगडणं म्हणतात ते हेच. तो आधीपासून तिथेच होता. ‘गूढ फुटलं’ म्हणवत नाही, कारण झाकण काढायचं असतं, फोडायचं नसतं. ‘गूढ सुटलं’ ऐकू येतं, त्याला आमची फार हरकत नाही. ‘गूढ वाढलं’ मात्र विचार करून लिहावं: नवा सुगावा मिळाला आणि तरीही उत्तर नाही, तरच गूढ वाढतं. नुसते दिवस गेल्याने तपास रखडतो, गूढ वाढत नाही.

वाचणाऱ्यांना आणखी एक फरक उपयोगी पडेल. १८४० पासून चालू असलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तक मागताना ‘रहस्यकथा’ म्हणालात तर खून, तपास आणि शेवटच्या पानावर खुनी असं काहीतरी हाती यायला हवं. ‘गूढकथे’त शेवटच्या पानावर सगळं उलगडेलच असं नाही, बऱ्याचदा झाकण किलकिलं होतं आणि कथा संपते. ‘भयकथा’ घाबरवायला लिहिलेली असते, तिच्यात गूढ असेल किंवा नसेल. पाहुण्यांसाठी पुस्तक न्यायचं असेल तर हे विचारून घ्यावं, गूढकथा वाचून “पण मग खून केला कोणी?” असं विचारणारे मामा घरोघरी असतात. ‘गूढवाद’ हा तिसराच प्रांत, ईश्वराचा किंवा अंतिम सत्याचा थेट अनुभव शब्दांत न मावण्याबद्दलचा. निवृत्तीनाथांना ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांचा उपदेश झाला असं परंपरा मानते. त्याबद्दल लिहिताना गूढवाद किंवा गुह्यज्ञान म्हणता येईल. तोच शब्द ताईत, लिंबू-मिरची आणि काळ्या बाहुलीच्या जाहिरातीला लावला जातो तेव्हा तिथे झाकलेलं असतं ते फक्त दरपत्रक.

माणसाबद्दल ‘गूढ’ म्हणताना लोक बहुधा अबोल असा अर्थ घेतात. तेवढ्याने भागत नाही. अबोल माणूस बोलत नाही, संपलं. गूढ तो, ज्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. लग्नघरात मोठी जाऊ पोळ्या लाटता लाटता विचारते, “काय गं, सकाळपासून एकटीच हसतेयस ती?” धाकटी पदराने कपाळ टिपते, तव्यावरची पोळी उलटते आणि म्हणते, “कुठे काय, वहिनी.” आणि पुन्हा हसते. हे गूढ हसणं.